चौलच्या बंदरात एक स्लाव

श्रोतेहो, अलिबागहून रेवदंड्याची एस. टी. धरली, की आक्षी, नागाव आणि मग चौल अशी गावे लागतात. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारा अरुंद रस्ता, आणि कुठे कुठे झाडीतून डोकावणारा एखादा जुना चौथरा. इथे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते, हे आज सांगावे लागते. कान्हेरीच्या लेण्यांत ज्या चेमुलाचे नाव कोरलेले आहे ते हेच चौल. अरब त्याला सैमूर म्हणत, आणि मसूदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास इथे येऊन गेला. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी रेवदंड्याला कोट बांधला. हे सगळे आपण शाळेत थोडेफार शिकतो. पण पोर्तुगीज यायच्या आधी, वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्याही सुमारे तीस वर्षे आधी, याच चौलला एक असा माणूस उतरला की ज्याच्या देशाचे नाव तेव्हा इथल्या नाखव्यांनाही नीटसे ठाऊक नसेल. तो रशियातला व्यापारी होता. त्याचे नाव अफानासी निकितीन. सोबत होता एक घोडा.

साल १४६९ असे जुने अभ्यासक धरत आले. अलीकडचे काही अभ्यासक १४७१ म्हणतात. दोन वर्षांचा हा फरक आपण त्यांच्यावरच सोपवू. निकितीनने आपल्या वहीत चौलचे नाव लिहिले ते 'चिविल' असे. हुर्मुजहून निघाल्यावर सहा आठवडे समुद्रात काढून तो इथे पोचला. उतरल्यावर त्याने काय पाहिले? माणसे उघड्या अंगाची, डोक्यावर काही नाही, केसांची एक वेणी. मुले पुष्कळ. राजा म्हणावा तर त्याच्याही डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक, एवढेच. बर्फाच्या देशातून आलेल्या माणसाला याचा अचंबा वाटला. वैशाख-ज्येष्ठाच्या उकाड्यात कोकणातल्या शहाण्या माणसाने दुसरे काय नेसावे, हे त्याला कोणी सांगितले नसेल! पण पुढचे वाक्य त्याने मोठ्या प्रांजळपणे लिहिले आहे. तो जाईल तिथे लोक त्याच्या मागून चालत आणि या गोऱ्या माणसाकडे टकमक बघत. म्हणजे बघा, तो आपल्याला बघत होता, आणि आपण त्याला.

आता हा कोण, कुठल्या लोकांचा, हे नीट पाहू.

रशियन, युक्रेनी, बेलारूसी, पोलिश, चेक, स्लोव्हाक, बल्गेरियन, सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसिडोनियन या सगळ्यांना मिळून स्लाव म्हणतात. आज ते तीस कोटींच्या आसपास आहेत. पण इतिहासात त्यांचे नाव फार उशिरा येते. ग्रीक आणि रोमन लोकांनी आजूबाजूच्या अनेक लोकांविषयी लिहून ठेवले, स्लावांविषयी मात्र स्पष्ट उल्लेख येतो तो सहाव्या शतकात, प्रोकोपियस आणि जॉर्डानेस या दोन लेखकांकडून. तोही कौतुकाने नव्हे. हे लोक डॅन्यूब नदी ओलांडून साम्राज्यात घुसू लागले होते म्हणून. त्याआधी ते कुठे राहत होते? विस्तुला आणि द्नेपर या नद्यांच्या मधल्या, दलदलीच्या आणि रानांच्या मुलखात, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे, पण नेमकी जागा कोणती यावर आजही वाद चालतो. शेती करावी, मध काढावा, मासे धरावे, लाकडाची नाहीतर निम्मी जमिनीत खणलेली घरे बांधावी, असे त्यांचे जिणे. किल्ले नाहीत, दगडी देवळे नाहीत, लेख नाहीत. मग इतिहास शोधायचा कशात? खणून निघालेल्या खापरांत, आणि दुसरे म्हणजे त्यांच्या शब्दांत.

'स्लाव' हा शब्दच घ्या. स्लाव भाषांत 'स्लोवो' म्हणजे शब्द. बहुतेक अभ्यासक असे मानतात, की स्लाव म्हणजे ज्यांना शब्द आहे ते, एकमेकांचे बोलणे ज्यांना कळते ते. उलट शेजारच्या जर्मन माणसाला त्यांनी नाव दिले 'नेमेत्स', म्हणजे मुका. ज्याचे बोलणे आपल्याला कळत नाही तो मुकाच! आपल्या पूर्वजांनी म्लेच्छ हा शब्द असाच, अस्पष्ट बोलणाऱ्यासाठी वापरला. या बाबतीत सगळी माणसे सारखीच. पण आणखी पुढे चला. हा 'स्लोवो', कीर्ती या अर्थाचा 'स्लावा' आणि ऐकणे या अर्थाचा 'स्लूशात' हे शब्द ज्या धातूपासून निघाले, तो संस्कृतातला 'श्रु'. श्रवण, श्रुती, आणि मी सुरुवातीला तुम्हाला ज्या नावाने हाक मारली ते 'श्रोते', हे त्याच घराण्यातले आहेत.

आता कोणी म्हणेल, एखादा शब्द जुळला त्यात काय मोठे? तर शिक्षक मंडळींनी फळ्यावर लिहून पाहावे. रशियन 'द्वा, त्री, चेतीरे, प्यात', आपले दोन, तीन, चार, पाच. शंभराला 'स्तो', आपले शत. दोनशेला ते 'द्वेस्ती' म्हणतात, तीनशेला 'त्रीस्ता'. आपल्या 'शे'च्या जागी त्यांचा 'स्त', एवढाच फरक. अग्नीला 'अगोन', मधाला 'म्योद', दाराला 'द्वेर', मांसाला 'म्यासो', दिवसाला 'देन'. पिणे म्हणजे 'पीत', देणे म्हणजे 'दात', जाणणे म्हणजे 'ज्नात'. जागे करणे याला 'बुदीत', म्हणजे ज्या धातूपासून बुद्ध आणि बोध झाला तोच. तिकडे गजराच्या घड्याळाला 'बुदीलनिक' म्हणतात. पहाटे कर्कश वाजणाऱ्या त्या डबीचे तथागतांशी असे नाते असेल हे कोणाला वाटेल!

पण मला सर्वांत बोलके वाटतात ते नात्याचे शब्द. रशियनमध्ये नवऱ्याच्या बापाला 'स्व्योकर' म्हणतात, नवऱ्याच्या आईला 'स्वेक्रोव'. संस्कृतात श्वशुर आणि श्वश्रू, आपल्याकडे सासरा आणि सासू. नवऱ्याच्या भावाला 'देवेर', संस्कृतात देवर, आपला दीर. सुनेला 'स्नोखा', संस्कृत स्नुषा, आपली सून. दिराच्या बायकोला जुन्या रशियनमध्ये 'यात्रोव' म्हणत. संस्कृतात यातृ, आणि आपल्याकडे जाऊ. नवरा गेलेल्या बाईला 'व्दोवा', म्हणजे विधवा. ही नाती एकदा पुन्हा मनाशी मोजा. सासू, सासरा, दीर, जाऊ. हे कोणाच्या तोंडचे शब्द? लग्न करून परक्या घरात आलेल्या मुलीच्या तोंडचे. बायकोच्या आईला मात्र रशियनमध्ये निराळाच शब्द आहे. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी, ज्या बोलीतून त्यांची आणि आपली भाषा फुटली ती बोलणाऱ्या लोकांत मुलगी सासरी जात असे, आणि त्या घरात सासू, सासरे, दीर, जावा एकत्र नांदत असत. हे कोणत्या ताम्रपटात लिहिलेले नाही. ते सुनांनी तोंडातोंडी जपले, व्होल्गेच्या काठीही आणि आपल्या माजघरातही.

ही मूळ बोली काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मुलखात पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात असावी, असे आज पुष्कळ विद्वान मानतात. तिच्या शाखा फुटत गेल्या. त्यांपैकी स्लाव शाखेत आणि आपल्या शाखेत काही उच्चार एकाच रीतीने बदलले. लॅटिनमध्ये शंभराला 'केन्टुम', तिथे 'क' उरला. स्लावांत आणि आपल्यात त्या 'क'चा 'स' किंवा 'श' झाला. विल्यम जोन्स याने कलकत्त्यात १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले, आणि पुढे फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने आपल्या तौलनिक व्याकरणात स्लाव भाषाही या कुटुंबात बसवली.

मात्र इथे एक सावधगिरी हवी, बरं का. असे चार शब्द सापडले, की रशियन लोक मुळात इकडूनच गेले, नाहीतर आपणच तिकडून आलो, असे ठोकून देणारे लोक दोन्हीकडे आहेत. भावंडांचे तोंडवळे सारखे असले म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. आणि काही साम्ये तर शुद्ध मोह पाडणारी असतात. स्लावांचा विजेचा देव पेरून, आणि आपला पर्जन्य. जुळते की नाही? पण यावर विद्वानांचे एकमत नाही. देवाला ते 'बोग' म्हणतात, ते आपल्या 'भग', 'भगवान' याच्याशी जुळते. पण तो शब्द घरचा की मधल्या इराणी टोळ्यांकडून घेतलेला, हा वादच आहे.

म्हणून मी मनाशी एक फरक धरतो, घरचे शब्द आणि बाजारचे शब्द. सून, दीर, दोन, तीन हे घरचे. ते कोणी कोणाकडून उसने घेत नाही. पण साखर घ्या. रशियनमध्ये साखरेला 'साखर' म्हणतात, अगदी आपल्यासारखे. हा मात्र बाजारचा शब्द. इथला शब्द मालाबरोबर ग्रीकांकडे गेला आणि तिथून स्लावांकडे. जितके साम्य जास्त तितका शब्द पाहुणा असण्याचा संभव जास्त. घरचा शब्द हजारो वर्षांत झिजतो, वाकतो, आणि ओळखायला थोडा वेळ लागतो.

घरचा शब्द कसा हरवतो तेही पाहा. अस्वलाला स्लाव लोक 'मेद्वेद' म्हणतात. 'मेद' म्हणजे मध आणि 'एद' म्हणजे खाणारा. मध खाणारा. अस्वलाचे जुने नाव, संस्कृतात जे ऋक्ष आहे ते, त्यांच्या भाषेतून नाहीसेच झाले. रानात खऱ्या नावाने हाक मारली तर ते येईल, अशी भीती. आपल्याकडे रात्री कोणी साप म्हणत नाही, 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. याला निराळे समजावून सांगायला नको.

आता लिहिण्याची गोष्ट. स्लावांना लिपी मिळाली ती नवव्या शतकात. मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याने बिझंटाइन सम्राटाकडे, आमच्या लोकांना आमच्या भाषेत धर्म सांगणारी माणसे पाठवा, अशी मागणी केली. ८६३ साली थेस्सलोनिकाचे दोन भाऊ निघाले, कॉन्स्टंटाइन आणि मेथोडियस. कॉन्स्टंटाइनला पुढे सिरिल हे नाव मिळाले. त्याने स्लाव भाषेसाठी नवी अक्षरे तयार केली. आज ज्या लिपीला सिरिलिक म्हणतात ती थोडी नंतरची, बल्गेरियात घडलेली, पण नाव त्याचेच. या भावांना विरोध झाला. देवाची प्रार्थना हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत होऊ शकते, असे म्हणणारे पुरोहित व्हेनिसमध्ये त्याला भेटले. तेव्हा त्याने पावसाचा आणि सूर्याचा दाखला दिला, की ते काय कोणाची भाषा विचारून येतात? आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० ची, आणि देवाचे बोलणे लोकभाषेत आणावे की नाही यावरून पुढे एकनाथांच्या काळापर्यंत काय काय झाले ते आपणास ठाऊक आहे. बल्गेरियात २४ मे हा दिवस या दोघा भावांचा आणि अक्षरांचा सण म्हणून पाळतात, आणि त्यात शाळांचा मोठा भाग असतो.

कीव्हचा राजा व्लादिमिर याने ९८८ साली ख्रिस्ती धर्म घेतला, आणि ही अक्षरे रशियन मुलखात पसरली. तिथले सर्वांत जुने तारीख असलेले हस्तलिखित पुस्तक १०५६-५७ चे. आता सांगतो ते चौलच्या वाटेवरचे आहे. आक्षीचा मराठी शिलालेख बरेच अभ्यासक शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानतात. म्हणजे तिकडे लेखणी स्लाव बोली गिरवू लागली होती, त्याच सुमारास इकडे छिन्नी मराठी बोली दगडावर घेत होती.

नोव्हगोरोद नावाचे उत्तरेकडचे एक जुने शहर आहे. तिथल्या चिखलात १९५१ साली झाडाच्या सालीवर कोरलेले एक पत्र सापडले. मग सापडतच गेली, आज हजारावर आहेत. राजाची फर्माने नव्हेत. उधारी, घरची कामे, बायकोचा निरोप, अशी साधी पत्रे. ही साल बर्च झाडाची, रशियनमध्ये 'बेर्योजा'. हा शब्द म्हणजे आपला भूर्ज! हे झाड कोकणात होत नाही, हिमालयात होते, पण भूर्जपत्र हा शब्द कोकणातल्या भटजींच्याही तोंडी होता. आणि त्यात १९५६ साली एका मुलाच्या साली सापडल्या. मुलगा तेराव्या शतकातला, नाव ओन्फिम, वय सहा-सात वर्षांचे असावे. त्याने अक्षरे काढली आहेत, मग 'बा, वा, गा, दा', मग 'बे, वे, गे, दे' असे घोटले आहे. म्हणजे सरळ बाराखडीच. आणि कंटाळा आल्यावर बाजूला स्वतःचे चित्र काढले आहे, घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा ओन्फिम. शिक्षकांना हा मुलगा वर्गात रोज भेटतो.

याच लिहित्या-वाचत्या परंपरेतून आपला निकितीन आला. तो त्वेरचा, व्होल्गेच्या काठचा. अफानासी हे नाव मूळ ग्रीक, अर्थ अमर, धर्माबरोबर आलेले. निकितीन म्हणजे निकिताचा मुलगा. तो कोणी राजदूत नव्हता, विद्वान नव्हता. व्होल्गेने खाली जाऊन शिरवानच्या मुलखात माल विकावा म्हणून निघाला, आणि आस्त्राखानजवळ तातारांनी लुटले. माल गेला, पोथ्याही गेल्या. रिकाम्या हाताने परतले तर घरी सावकार उभा. तेव्हा तो पुढेच गेला. देर्बेंत, बाकू, इराण, हुर्मुज. तिथे कळले की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, बाहेरून आलेल्याला चांगली किंमत येते. त्याने शंभर रूबलचा घोडा घेतला आणि गलबतात चढला.

चौलहून तो पाली आणि उम्री या गावांवरून जुन्नरला गेला. ही पाली आपली सुधागडातली असावी असे समजतात. ऐन पावसाचे दोन महिने त्याने जुन्नरला काढले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि नेमकी तेव्हाच इथे नांगरणी-पेरणी होते याचे त्याला नवल वाटले. घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तूप घालून 'किचिरिस' शिजवतात, असे तो लिहितो. ही आपली खिचडी, पंधराव्या शतकातल्या रशियन वहीत! घोड्यांचे लाड पाहून गड्यांनी काय म्हटले ते त्याने लिहिलेले नाही.

जुन्नरचा सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही. मुदत चार दिवस. ज्याच्याजवळ त्या घोड्यावाचून काही उरले नव्हते, त्या माणसापुढे हा सवाल होता. शेवटच्या घटकेला खुरासानचा एक मुसलमान आला, तो खानाकडे गेला, रदबदली केली, आणि घोडाही सुटला आणि माणूसही. धर्म बदल म्हणणारा मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. निकितीनने दोघांचीही नोंद ठेवली आहे.

पुढे बिदरला, बहमनींच्या राजधानीत, महमूद गावान वजीर असताना तो बराच काळ राहिला. त्याने घोडा विकला. मी ख्रिस्ती आहे हे इथल्या हिंदूंना सांगून टाकल्यावर त्यांनी आपले खाणेपिणे, व्यापार, पूजा काहीच त्याच्यापासून लपवले नाही, असे तो म्हणतो. त्यांच्याबरोबर श्रीशैलाच्या शिवरात्रीला गेला. हे लोक पूर्वेकडे तोंड करून नमस्कार करतात, रशियनांसारखेच, असे त्याने टिपून ठेवले.

पण व्यापाराच्या दृष्टीने फेरी फुकट गेली. मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात भारी आणि समुद्रात चाचे. आणि याहून मोठी एक गोष्ट त्याच्या हातून निसटत होती. पोथ्या लुटल्या गेल्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, हे त्याला कळेना. ताऱ्यांवरून अंदाज बांधायचा आणि इतरांच्या रोज्यांबरोबर आपलेही उपास धरायचे. तो स्वतःला इथे खोजा युसुफ खुरासानी म्हणवीत होता. वहीची भाषा बघितली तर हे अधिकच जाणवते. सुरुवातीला साधी, घरगुती रशियन. पुढे तुर्की, फारसी, अरबी यांची भेसळ असलेली ती बंदराबंदरातली बोली मधूनमधून शिरते. भाव-दर लिहिताना शिरली तर समजू शकतो. पण आपल्या मुलखाविषयीचे सर्वांत नाजूक बोलणे, की या जगात रशियासारखी भूमी नाही, पण तिथल्या सरदारांच्या अंगी न्याय नाही, हेही त्याने त्या परक्या बोलीतच लिहिले. कोणी वाचले तर कळू नये म्हणून असेल, किंवा तीच आता जिभेवर बसली असेल. त्या ठिकाणी तो देवाला चार भाषांतल्या चार नावांनी ओळीने हाक मारतो. त्या चारांत एक 'बोग' आहे.

परतीला तो दाभोळच्या बंदरातून निघाला. हुर्मुज, इराण, त्राबझोन, मग काळा समुद्र ओलांडून काफा. कॅस्पियन, हिंदी आणि काळा, असे तीन समुद्र पार करून आला म्हणून त्याच्या वहीला 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' हे नाव पडले. स्मोलेन्स्कला पोचायच्या आतच त्याला मरण आले. बरोबरच्या व्यापाऱ्यांनी वही मॉस्कोला नेऊन महाराजाचा चिटणीस वासिली मामिरेव याच्या हाती दिली, आणि १४७५ सालच्या नोंदींत ती बखरीत उतरवली गेली. दहाच वर्षांनी, १४८५ साली, त्वेरचे स्वतंत्र राज्य मॉस्कोने गिळले. वहीही विसरली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझिन या इतिहासकाराला एका मठातल्या जुन्या हस्तलिखितात ती सापडली, तेव्हा रशियालाच कळले की आपला एक माणूस हिंदुस्थानात जाऊन आला होता.

त्वेरला व्होल्गेच्या काठी १९५५ साली त्याचा पुतळा उभा राहिला. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. इकडे रेवदंड्यातही त्याच्या नावाचा काळ्या दगडाचा स्तंभ आहे. आणि ज्या वहीमुळे हे सगळे कळले, तिच्या नकला करणाऱ्या मॉस्कोकडच्या लेखनिकांनी 'चिविल', 'पाली', 'किचिरिस' हे न ऐकलेले शब्दही जसेच्या तसे उतरवून ठेवले आहेत.